'काम दिलं नाही म्हणून शून्य नको' हा मुद्दा लेखातून पटवायचा कसा?

रेघोटी

शाळेच्या गुणदान-धोरणात एक बदल सुचवणारा लेख लिहायचा आहे, साधारण ८०० शब्दांचा. गृहपाठ किंवा प्रकल्प दिलाच नाही तर सध्या थेट ० धरतात आणि तो सरासरीत जातो. त्याऐवजी किमान ५० धरावेत अशी मागणी आहे. लेख आधी शिक्षक वाचतील, मग पालक. बरेचसे शिक्षक विरोधात आहेत, पालकांचं अजून काही ठरलेलं नाही. मसुद्याची सुरुवात अशी:

"शून्य म्हणजे केवळ एक अंक नव्हे, तो कोवळ्या मनावर केलेला घाव आहे. आपण मुलांना शिकवतो की शिक्षा करतो? एका चुकीपायी मुलाचं अख्खं वर्ष मातीत घालणारी ही पद्धत क्रूर, कालबाह्य आणि अशास्त्रीय आहे. संशोधनानेही हे सिद्ध झालेलं आहे."

भावनेला हात घालावा की आकडे मांडावेत? विरोधकांचे मुद्दे आपणच लेखात आणले तर आपली बाजू पडती होत नाही का? आणि असे प्रश्न, अशी विशेषणं कितपत चालतात?

पूर्वपक्ष

भावना की आकडे, हे नंतर बघू. मुळात वाद नेमका कुठे अडलाय ते तुमच्या मसुद्यात ठरलेलं नाही.

ग्रीक वक्तृत्वशास्त्रात हर्मागोरस (इ.स.पू. दुसरं शतक) याच्या नावावर एक पद्धत आहे. ती म्हणते, कुठलाही वाद चारपैकी एका जागी अडतो: गोष्ट घडली का, ती नेमकी आहे काय, ती योग्य की अयोग्य, आणि तिचा निवाडा करायचा अधिकार कोणाचा. पद्धत कोर्टकचेरीसाठी निघाली, पण धोरणावरच्या लेखाला चपखल बसते. तुम्ही तिसऱ्या जागी लढताय: शून्य क्रूर आहे. शिक्षकांशी असलेला मतभेद मात्र दुसऱ्या जागी आहे: गुण म्हणजे काय? त्यांच्या लेखी गुण हा केलेल्या कामाचा मोबदला. काम नाही तर मोबदला नाही, यात क्रूर ते काय? तुमच्या लेखी गुण हे विषय किती येतो याचं माप. त्या मापात 'काम दिलं नाही' याचा अर्थ 'अजून मोजलेलं नाही' एवढाच होतो, 'काहीच येत नाही' असा होत नाही. ही व्याख्या पटेपर्यंत पुढचं सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

व्याख्या पटवायची तर समोरच्याने आधीच मान्य केलेल्या गोष्टीपासून निघायचं. दुसऱ्या शाळेतून आलेल्या मुलाच्या गुणपत्रकावर 'गणित ७१' दिसलं की शिक्षक स्वतः त्यातून काय समजतात? मुलाला गणित किती येतं, हेच. वेळेवर वह्या द्यायचा की नाही, हे त्यातून कोणी वाचत नाही. हा तुमचा पाया.

आता त्यावर युक्तिवाद रचा. न्यायदर्शनातले, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कशास्त्रातले, युक्तिवादाचे पाच अवयव इथे कामाला येतात. प्रतिज्ञा: न दिलेल्या कामाचं शून्य विषयाच्या सरासरीत मिसळू नये. हेतू: कारण ते विषयाचं ज्ञान मोजत नाही. उदाहरण: जे ज्ञान मोजत नाही ते विषयाच्या गुणांत धरत नाहीत, जशी हजेरी. उपनय: काम वेळेत न देणं हीही हजेरीसारखीच वागणुकीची बाब. निगमन: म्हणून त्याची नोंद वेगळ्या रकान्यात व्हावी.

असं मांडलं की कच्चा सांधा लगेच दिसतो. तो उपनयात आहे. विरोधक म्हणणार, गृहपाठ हजेरीसारखा कसा? तो तर सराव आहे, शिकण्याचाच भाग आहे. बरोबर आहे त्यांचं. म्हणून बचावाची दोन-चार वाक्यं इथेच खर्च करा, दुसरीकडे नाही. गृहपाठ शिकण्याचा भाग आहे, म्हणूनच तो उशिरा का होईना करून घ्यायला हवा; शून्य लावलं की तो करायचं कारणच संपतं. स्टीफन टूलमिन यांनी १९५८ साली मांडलेला युक्तिवादाचा आराखडाही हेच शोधायला लावतो: पुराव्यावरून दाव्याकडे नेणारा, पण न बोललेला नियम कोणता, आणि तो कशावर उभा आहे.

विरोधकांचे मुद्दे आणावेत का? तुमच्या वाचकवर्गात आणायलाच हवेत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कार्ल हॉव्हलंड आणि सहकाऱ्यांनी अमेरिकी सैनिकांवर एकांगी आणि दुहेरी मांडणीचे प्रयोग केले, १९४९ मध्ये ते प्रसिद्ध झाले. आधीच सहमत असलेल्यांना एकांगी मांडणी जास्त भावली. विरोधात असलेल्यांवर आणि जास्त शिकलेल्यांवर दुहेरी मांडणीचा परिणाम जास्त झाला. तुमचे पहिले वाचक शिकलेलेही आहेत आणि विरोधातही. मात्र विरोधी मुद्दा नुसता मांडून सोडू नका, उत्तर द्या. आणि तो विरोधक स्वतः सही करतील अशा शब्दांत मांडा. 'काही जुन्या वळणाचे शिक्षक म्हणतील' असं लिहिलंत की तिथेच वाचक गेला.

अपूर्णांक

वरचं ठीक, पण तुमच्या मागणीतच मोठा खड्डा आहे. तुमच्याकडे उत्तीर्णतेची रेषा किती आहे?

'किमान ५०' ही कल्पना जिथे ६० च्या खाली नापास धरतात तिथली आहे. तिथे ९० च्या पुढे पहिली श्रेणी, मग ८०, ७०, ६० अशा दहा-दहा गुणांच्या पायऱ्या, आणि नापासाचा पट्टा मात्र ० ते ५९, म्हणजे एकदम साठ गुणांचा. त्यांचं म्हणणं, बाकी पायऱ्या दहाच्या असताना शेवटची साठची का? म्हणून तळ ५० वर आणा, म्हणजे नापासही एकच पायरी खाली राहील. त्या मोजपट्टीवर हे सुसंगत आहे. रेषा ३५ ची असेल तर त्याच तर्काने तळ २५ च्या आसपास येतो. तिथे ५० मागणं म्हणजे काहीच न करणाऱ्याला पास करणं. हे पहिल्याच बैठकीत कोणीतरी बोलणार आणि उरलेला लेख कोणी वाचणार नाही.

रेषा ६० ची असली तरी दुसरा प्रश्न उभाच आहे: प्रामाणिकपणे काम करून ४२ मिळवणाऱ्यापेक्षा हात न लावणारा ५० घेऊन पुढे. ४२ वाल्यालाही ५० द्याल तर दोघे सारखे झाले, तोही अन्यायच. लेखात याचं उत्तर हवं.

आकड्यांचं म्हणाल तर तुमचा मुद्दा खरोखर आकड्यांतच आहे आणि मसुद्यात एकही नाही. समजा पाच कामांत ८८, ९२, ८४, ९० आणि ०. बेरीज ३५४, सरासरी ७०.८. शून्य सोडून चार कामांची सरासरी ८८.५. म्हणजे एका न दिलेल्या कामाने १७.७ गुण गेले. दुसरा हिशेब याहून बोलका: पहिल्याच कामाला शून्य मिळालं, तर सरासरी ८० वर आणायला त्यानंतर सलग आठ वेळा ९० मिळवावे लागतात (७२० भागिले ९). सत्रात मुळात सहाच कामं असतील तर ते शक्यच नाही. 'मुलं प्रयत्न सोडून देतात' असं विधान करण्यापेक्षा हा हिशेब ठेवा, निष्कर्ष वाचक स्वतः काढेल.

'अख्खं वर्ष मातीत' मात्र काढा. १७.७ गुण गेले म्हणजे वर्ष मातीत गेलं नाही. शिक्षक हिशेब करून बघतील आणि तुम्ही फुगवून सांगता असं ठरवून टाकतील.

तांबडी शाई

अपूर्णांक, दोन्ही हिशेब एका लेखात नकोत. वाचक एका वेळी एकच आकडेमोड डोक्यात धरतो. दुसरी आली की पहिली पुसली जाते. पाच कामांची घ्या, ती डोळ्यांसमोर उभी राहते. आठ वेळा ९० वाली प्रश्नोत्तरासाठी राखून ठेवा.

रेघोटी, आता भाषेकडे.

"आपण मुलांना शिकवतो की शिक्षा करतो?" प्रश्नालंकार तेव्हाच लावायचा जेव्हा वाचकाच्या मनात एकच उत्तर येऊ शकतं. इथे शिक्षक मनात म्हणणार, 'शिकवतोच, शिस्त हेही शिकवणंच आहे,' आणि तुमच्याच वाक्याने त्याची बाजू भक्कम झाली. शिवाय हा 'आपण' खोटा आहे. गुण देणारे तुम्ही नाही, ते आहेत. 'आपण' म्हणून जवळीक दाखवायची आणि लगेच आरोप ठेवायचा, हे वाचणाऱ्याला बरोबर कळतं.

"क्रूर, कालबाह्य आणि अशास्त्रीय". तिहेरी विशेषणांना ताल असतो, म्हणून सभेत टाळ्या मिळतात. कागदावर तीन विशेषणं म्हणजे तीन दावे, आणि प्रत्येकाला पुरावा मागता येतो. तुम्ही एकालाही दिलेला नाही. ठेवायचंच तर एक ठेवा, आणि आधी वस्तुस्थिती सांगून मग ठेवा.

"कोवळ्या मनावर घाव" हे इतकं झिजलंय की डोळा थांबतच नाही. भावनेला जागा जरूर आहे, पण ती एखाद्या बारक्या, खऱ्या वाटणाऱ्या तपशिलातून येते, विशेषणातून येत नाही. "सिद्ध झालेलं आहे" याला कर्ताच नाही: कोणी, कधी, कशावर? संशोधनाचं नाव घ्यायचं तर नावानिशी घ्या, नाहीतर घेऊच नका.

आणखी एक. विरोधक ज्या शब्दाने तुमची मागणी हिणवतात तो शब्द नाकारण्यासाठीसुद्धा वापरू नका. 'हे फुकटचे गुण नाहीत' असं लिहिलंत की वाचकाच्या लक्षात 'फुकटचे गुण' एवढंच राहतं.

सुरुवात अशी करता येईल:

"समजा, एका मुलीने सत्रातल्या पाचपैकी चार कामांत ८८, ९२, ८४ आणि ९० गुण मिळवले. पाचवं काम तिने दिलंच नाही, म्हणून ०. सरासरी झाली ७०.८. गुणपत्रक वाचणाऱ्याला वाटेल, हिला विषय बेताचाच येतो. काम न देणं ही गंभीर गोष्ट आहे आणि तिची नोंद व्हायलाच हवी. आज ती नोंद होते, पण अशा जागी, की घरच्यांना, पुढच्या वर्गाच्या शिक्षकांना किंवा त्या मुलीलाही ती वाचता येत नाही."

शेवटचं वाक्य बघा. शून्य कडक आहे असं ते म्हणत नाही. शून्य पुरेसं दिसत नाही असं म्हणतं. बेशिस्त सरासरीत विरघळून जाते. शिस्तीचा आग्रह धरणाऱ्या शिक्षकाला ही बाजू नवी वाटेल, कारण ती त्याच्याच मूल्याच्या आधारावर उभी आहे. 'समजा' मात्र काढू नका. ते काढलं की ही मुलगी कोण, कुठल्या वर्गातली, अशी चौकशी सुरू होते.

रेघोटी

रेषा ३५ चीच आहे. मग ५० सोडून मागायचं काय? सरासरीऐवजी मध्यक (गुण क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा) घ्या, असंही कुठेतरी वाचलं होतं. आणि 'संशोधन' काढून त्या जागी नावानिशी काय घालता येईल?

अपूर्णांक

मध्यक ऐकायला छान वाटतो. वरच्याच उदाहरणात गुण चढत्या क्रमाने लावले तर ०, ८४, ८८, ९०, ९२, मध्यक ८८. पण आता आणखी एक काम बुडवलं असं धरा, ८४ चं: ०, ०, ८८, ९०, ९२. मध्यक तोच, ८८. पाचपैकी दोन कामं बुडवा, काही बिघडत नाही. मुलांना हे एका सत्रात कळतं. कामांची संख्या बरीच मोठी असेल तर मध्यकाचा विचार करा, पाच-सहा कामांत नको.

सर्वांत कमी गुणांचं एक काम वगळणं सोपं आहे, समजावायलाही सोपं. त्याचा तोटा असा की सत्राच्या शेवटचं काम बरीच मुलं सोडून देतात, कारण वगळायचा हक्क अजून हातात असतो.

'अपूर्ण' हा शेरा सगळ्यांत टिकाऊ. काम आलं नाही तर गुणाच्या जागी 'अपूर्ण', ठरावीक मुदतीत (समजा शाळेचे १० दिवस) काम देता येईल, आणि उशीर झाल्याची नोंद वागणुकीच्या रकान्यात. यात ४२ आणि ५० चा प्रश्नच उरत नाही, कारण काम केल्याशिवाय कोणालाच गुण नाहीत. पण दोन गोष्टी लेखात स्पष्ट लिहा. मुदत संपूनही काम आलं नाही तर काय? इथे शून्य ठेवायचं असेल तर तसं सरळ लिहा. तेवढी माघार घेतल्याने मागणी उलट बळकट होते. दुसरं, उशिरा आलेलं काम तपासायचा जादा वेळ शिक्षकाचा जातो. त्यावर मर्यादा सुचवा: एका सत्रात एका मुलाला दोनदाच, आणि उशिरा आलेलं सगळं आठवड्यातून एकाच ठरलेल्या दिवशी घ्यायचं. बरेच शिक्षक तत्त्वापेक्षा या बोज्यामुळे विरोध करत असतात, फक्त तसं बोलत नाहीत.

संशोधनाबद्दल. डॅनियल स्टार्च आणि एडवर्ड इलियट यांनी १९१२ मध्ये इंग्रजीच्या त्याच त्या उत्तरपत्रिका अनेक शाळांतल्या शिक्षकांकडून तपासून घेतल्या. एकाच उत्तरपत्रिकेला १०० पैकी ६४ पासून ९८ पर्यंत गुण मिळाले. पुढच्या वर्षी भूमितीत तफावत आणखी मोठी निघाली. पण यातून तपासणाऱ्यांमधला फरक दिसतो, न दिलेल्या कामाबद्दल काहीच नाही. तुमच्या लेखात हा पुरावा उसना वाटेल. रूथ बटलर यांचा १९८८ चा प्रयोग: नुसत्या लेखी शेऱ्यांनी मुलांची रुची आणि कामगिरी सुधारली; शेऱ्यासोबत गुणही दिले की तो फायदा जवळजवळ नाहीसा झाला. हाही शून्याबद्दल नाही, पण 'काम परत करून आणताना आधी शेरा द्या, गुण नंतर' एवढं सुचवायचं असेल तर चपखल. डग्लस रीव्ह्ज यांनी २००४ मध्ये शून्याविरुद्ध लिहिलेला लेख या वादात नेहमी पुढे केला जातो, पण तो मोजपट्टीवर आधारलेला युक्तिवाद आहे, प्रयोग नव्हे. त्याला 'संशोधन' म्हणालात तर जाणकार लगेच पकडेल. आणि तो १०० च्या त्याच पट्टीवर उभा आहे जिथे ६० खाली नापास, म्हणजे तुमच्या ३५ ला लागू नाही.

थोडक्यात, तुमच्या लेखाला बाहेरच्या अभ्यासाची फारशी गरज नाही. आकडेमोड हाच पुरावा.

पूर्वपक्ष

'अपूर्ण' ला दुजोरा. यामुळे लेखाची बांधणीही बदलते. विरोधी वाचकासाठी मागणी पहिल्या ओळीत नको. ती आधी दिसली की पुढचं सगळं तो खोडायच्या तयारीने वाचतो. आधी उदाहरण (तांबडी शाईंचा परिच्छेद, साधारण ८० शब्द), मग गुणांची व्याख्या १५० शब्दांत, मग मागणी १५० शब्दांत, नियमासारखी नेमकी. त्यानंतर विरोधी मुद्दे, आणि त्यांना सगळ्यांत मोठी जागा, २५० ते ३०० शब्द. यात तीनच घ्या: मुदत पाळायची सवय, वेळेवर देणाऱ्यांवर अन्याय, तपासणीचा बोजा. सगळ्यांत जड मुद्दा मध्ये लपवू नका, पहिला घ्या. उरलेले शंभर-सव्वाशे शब्द प्रस्तावाला.

पालकांसाठी वेगळी प्रत काढता आली तर क्रम उलटा करा, मागणी वर. त्यांचं मत अजून घट्ट झालेलं नाही, आणि पहिल्या परिच्छेदानंतर बरेच जण थांबतात.

वेळेवर देणाऱ्यांवरच्या अन्यायाचं उत्तर अनेकजण 'प्रत्येक मूल वेगळं असतं' असं देतात. ते टाळा, त्याने कोणाचंच समाधान होत नाही. असं म्हणता येईल: वेळेवर देणाऱ्याचे गुण एकानेही कमी होत नाहीत, उलट त्याची नियमितता आता पहिल्यांदाच गुणपत्रकावर स्वतंत्र दिसते.

शेवटी कायमच्या बदलाची मागणी नको. एक इयत्ता, एक विषय, एक सत्र. आणि काय मोजायचं तेही लिहा: मुदतीत आलेली कामं, १० दिवसांच्या आत आलेली, आणि कधीच न आलेली, आधीच्या सत्राशी तुलना करून. मुदतीत येणाऱ्या कामांची संख्या घसरली तर प्रयोग थांबवायचा, हेही लिहून द्या. विरोधकाची मुख्य भीती हीच आहे, आणि ती खरी ठरली तर काय करायचं हे तुम्ही आधीच सांगून ठेवलेलं असेल.

तांबडी शाई

प्रस्तावाची वाक्यं लेखाच्या भाषेत लिहू नका, ठरावाच्या भाषेत लिहा, म्हणजे बैठकीत जशीच्या तशी उचलता येतील. "मुदतीत न आलेल्या कामाची गुणपत्रिकेत 'अपूर्ण' अशी नोंद करावी. असे काम पुढील १० शालेय दिवसांत स्वीकारावे. एका सत्रात एका विद्यार्थ्यास ही सवलत दोनदाच द्यावी. या मुदतीनंतर शून्य गुण धरावेत." 'शक्यतो', 'योग्य त्या प्रसंगी' असले शब्द घालू नका, वाद पुढे तिथूनच सुरू होतात. 'शालेय दिवस' म्हणजे सुट्ट्या सोडून, आणि मोजणी मुदतीच्या दुसऱ्या दिवसापासून, हेही तिथेच एका वाक्यात लिहून टाका.